छतापर्यंत न पोचलेली भिंत

मराठी बोलण्याआधी ती मान डावीकडे कलती करायची.

किंचितच. कुणी कानाशी येऊन काही सांगत असावं आणि ते नीट ऐकून घ्यावं, तेवढीच. मग डोळे मिटायचे, ओठ एकदा नुसतेच हलायचे आणि वाक्य बाहेर पडायचं. सबंध, बिनचूक, आणि तिचं नसलेलं.

मुलांनो, तुम्हा दोघांची पत्रं एकाच आठवड्यात आली. एक जण विद्यापीठात कुणी न शिकवता, कानात यंत्र घालून जपानी शिकतोय. दुसरी ब्राझीलच्या मुलीबरोबर एका खोलीत राहते आणि तिला आमटी कशी समजावून सांगावी या विवंचनेत आहे. दोघांनी शेवटी एकच विचारलंय : आजी, तू सिंधी कुणाकडून शिकलीस? उत्तर लांबलचक आहे असं सांगून मी ते आजवर टाळलं. खरं कारण ते नव्हतं. आता क्रमाने सांगते. क्रम सुटला की या गोष्टीची मला अजूनही भीती वाटते.

फाळणीला चार-पाच वर्षं झाली असतील. कल्याणच्या पुढे लष्कराने युद्धाच्या काळात बांधलेल्या बराकी होत्या, त्यांत सिंधमधून आलेली माणसं राहत होती. उल्हासनगर हे नाव नवीनच मिळालं होतं. सगळ्यांच्या तोंडी मात्र कॅम्पच. माझे वडील कॅम्पातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून आम्हालाही बराकीतला एक तुकडा मिळाला. त्या रांगेत मराठी घर आमचं एकच.

बराक म्हणजे गोदामासारखी लांबच लांब इमारत. मध्ये भिंती घालून तिच्या खोल्या केलेल्या. पण त्या भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या. पुरुषभर उंच विटा, त्यावर हातभर फळ्या आणि फळ्यांच्या वर कौलांपर्यंत नुसता अंधार. भर दुपारीसुद्धा तिथे अंधारच असायचा. त्यातून सगळ्यांचं सगळं सगळ्यांकडे जायचं. फोडणीचा वास, खोकला, भांडणं.

पहिल्याच दुपारी आईने ट्रंक खाली ठेवली, बाहेरच्या नळाचा आवाज ऐकला आणि स्वतःशीच म्हणाली, "पाणी आलं वाटतं."

दोन श्वास गेले. मग वरच्या अंधारातून अगदी हळू आवाज आला, "पाणी आलं वाटतं."

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"लांब जागा आहे. आवाज घुमतो," वडील म्हणाले.

"घुमतो तर लगेच घुमेल. हा विचार करून बोलला."

"काहीतरीच तुझं."

"इथे युद्धात शिपाई राहायचे म्हणे. राहिला असेल एखादा मागे."

"अगं, गोऱ्या शिपायाचं भूत मराठीत बोलेल होय?"

"राहून राहून शिकला असेल," आई म्हणाली आणि तिने ट्रंकेतून आधी देव काढले.

तीन दिवस हे चाललं. आई दबक्या आवाजात बोलायला लागली, तर वरून येणारा आवाजही दबका झाला. आईला बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती, एकदाच, बारीकसा. तिसऱ्या दिवशी अंधारानेही घसा खाकरला. त्या दिवशी आई जेवली नाही.

चौथ्या दिवशी शेजारची सिंधी बाई दारात आली. कमरेवर हात, चेहरा त्रासलेला. "बहनजी, हमारी ननद सारा दिन दीवार से बात करती है. आपके उधर कोई बाबा-वाबा तो नहीं?"

तिच्या पाठीमागे ती उभी होती. तेविशी-चोविशीची, किडकिडीत, डोक्यावर पांढरी ओढणी, बोटांना शाई, छातीशी वही. माझ्या हातातलं कॉलेजचं पुस्तक तिने पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "माफ करा. मी तुमच्या आईला चोरत होते."

आईला मी ते मराठीत सांगितलं. आई बघतच राहिली. मग इतकं हसली, इतकं हसली की खाली बसली. "अगो, मग सांगायचं नाही का! मी मोठ्याने बोलले असते."

सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. आम्ही तिला तेच म्हणायला लागलो, आणि इथेही मी तिचं तेवढंच नाव लिहिणार आहे.

तिकडे हैदराबाद सिंधला ती कॉलेजात होती. इंटर झाली आणि देश तुटला. इथे ती भावाच्या घरात राहत होती. बाहेरून बी.ए.ला बसायचं तिच्या मनात होतं आणि त्यासाठी माझी पुस्तकं तिला चालणार होती. पण भाऊ अजमेरला दुकान टाकायच्या खटपटीत होता. तो गेला की तिलाही जावं लागणार, आणि तिथे गेल्यावर कसलं बी.ए. आणि कसलं काय. एकच वाट होती. अंबरनाथच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघणार होती. अट अशी की बाईंना मराठी बोलता आलं पाहिजे. बुवापाड्यातल्या गिरणी-कारखान्यातल्या कामगारांच्या मुली त्या शाळेत यायच्या. त्यांच्याशी इंग्रजी बोलून काय उपयोग?

"मग मराठीचं पुस्तक का घेत नाहीस?" मी विचारलं.

"घेतलं होतं. त्यातला माणूस माझ्याशी बोलत नाही. रामाने आंबा खाल्ला, एवढंच सांगतो. तुझी आई दिवसभर बोलते."

तिची वही मी पाहिली आणि मला तिचा आदर वाटायला लागला. मला व्यवस्थितपणाचं वेड तुम्हाला ठाऊक आहेच. पण ही माझ्या वरताण. प्रत्येक पानावर चार रकाने, उजवीकडून डावीकडे, तिच्या लिपीत. पहिल्यात वाक्य. दुसऱ्यात कधी म्हटलं. तिसऱ्यात कुणाला म्हटलं. चौथ्यात, म्हणण्याआधी काय झालं होतं. दिवसभर टिपायचं आणि दुपारी तीन वाजता मागच्या भिंतीला पाठ लावून सगळंच्या सगळं म्हणायचं. तिची जागा अशी होती की आमची खोली तिच्या डाव्या हाताला यायची. मान डावीकडे कलायची ती त्यामुळे. पुढे रस्त्यात, बाजारात, कुठेही मराठी बोलायची वेळ आली की मान आपोआप तिकडे जायची. तिकडे कुणी नसलं तरी.

आईने शिकवण्याचं मनावर घेतलं. फळ्यांकडे तोंड करून ती सांगत बसायची. "आता मी तांदूळ निवडते हो. हा खडा. हा बघ आणखी एक. वाणी मेला खडेच विकतो."

पलीकडून सावकाश उत्तर यायचं, "वाणी मेला खडेच विकतो."

आणि दुसऱ्या दिवशी अदीने कॅम्पातल्या आमच्या वाण्याच्या तोंडावर ते म्हटलं, आईच्याच सुरात, जिभेच्या टोकाशी तोच जरासा प्रेमळ राग. वाणी म्हणाला, "बाई, तुम्ही त्या कंपाउंडरसाहेबांच्या कोण?"

बदल्यात ती मला सिंधी शिकवायची. पण समोरासमोर बसून नाही. "तू तुझ्या बाजूला जा. भिंतीपलीकडून बोल." भावजयीची कटकट नको म्हणून असेल, असं मला वाटायचं. दोन्ही भाषांत 'आहे' हा एकच शब्द आहे, हे कळल्यावर मला घरातलंच कुणी भेटल्यासारखं झालं. पण अदी मला फार पुढे जाऊ द्यायची नाही. एक वाक्य तिने महिनोन् महिने घोटून घेतलं. "अचु, धीअ, वेहु." ये, मुली, बस.

"मी तुला मुली म्हणू? तू माझ्याहून मोठी आहेस."

"म्हण. वाक्य आहे." मग पलीकडून, "तसं नाही. 'वेहु' हळू. थकलेलं माणूस म्हणतं तसं."

तिची आई मागच्या बोटीने येणार होती, एवढंच तिने आम्हाला एकदा सांगितलं होतं. मागची बोट येऊन गेली, त्याच्या मागचीही. पुढचं आम्ही विचारलं नाही.

आता एक गमतीचा प्रसंग सांगते. तो आठवून आई पुढे कितीतरी दिवस एकटीच हसायची.

बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. आई वडिलांना हाक मारायची ती अशी : आधी घसा खाकरायचा, मग "अहो, ऐकलंत का?" रोज तीन वाजता वडील दवाखान्यातून मधल्या सुट्टीला यायचे, पेपरात डोकं घालून बसायचे, आणि ही हाक यायची. "अहो, ऐकलंत का? चहा गार होतोय." अदीने ते चारही रकान्यांत नीट लिहून घेतलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, पुरुषाला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. अदी दारात गेली, मान कलती केली, घसा खाकरला आणि वीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या गोडव्याने म्हणाली, "अहो, ऐकलंत का? आज काही आलंय का?"

पोस्टमन बिचारा कानापर्यंत लाल झाला. पुढे तो पत्रं दाराखालून सरकवून पळायचा.

आईने तिला बोलावून समजावलं. "अगो, असं फक्त ह्यांना म्हणायचं."

"आणि बाकीच्या पुरुषांना, मावशी?" तिने इंग्रजीत विचारलं, मी आईला मराठी करून सांगितलं.

"बाकीच्यांना हाक मारायची वेळच कुठे येते?"

अदीने वही उघडली, तिसऱ्या रकान्यातलं 'पुरुषाला' खोडलं आणि त्याच्या जागी लिहून मला वाचून दाखवलं, 'फक्त काकांना'. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे लक्षात ठेवा.

पुढच्या उन्हाळ्यात आईला विषमज्वर झाला आणि पंधरा दिवसांत ती गेली.

घर गप्प झालं. तुम्हाला सांगते, माणूस गेल्यावर आवाज नाहीसा होतो तो एकदम नाही. मी कॉलेजातून यायची आणि दारात क्षणभर थांबायची, आतून काही येईल म्हणून. काही यायचं नाही. भिंतीपलीकडेही सामसूम होती. तेरा दिवस अदीने मराठीचा शब्द उच्चारला नाही. वडील दुपारी यायचे, खाटेवर बसायचे. मी सकाळी करून ठेवलेला चहा तसाच. मी चारला परतले की तो ओतून टाकायची.

मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, की कप रिकामा असतो. वडिलांनी दाढी केलेली असते. मला बरं वाटलं. मी कारण विचारलं नाही.

एके दिवशी आमचे प्राध्यापक आले नाहीत म्हणून मी एक गाडी आधी निघाले. तीनच्या सुमाराला बराकीशी पोचले. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आमचं दार अर्धवट लोटलेलं. मी पायरीवर पाय ठेवला आणि आतून घसा खाकरल्याचा आवाज आला, एकदाच, बारीकसा.

"अहो, ऐकलंत का? चहा गार होतोय."

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? चपला जागेवर ठेवायला हव्यात, नाहीतर आई बोलेल. मी खरोखर वाकले आणि चपला नीट लावल्या.

दाराच्या फटीतून वडील दिसत होते. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, हातात कप.

"घेतो, घेतो," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तसं नाही. 'गार' म्हटल्यावर ती किंचित थांबायची."

"चहा गार... होतोय," वरच्या अंधारातून आलं.

"हां. तसं. आणि कुसुमचं काय म्हणायची ते म्हण."

"कुशी आली नाही अजून. जीव टांगणीला लागतो हो माझा."

आई हे आम्ही बराकीत यायच्या आधी म्हणायची, बदलापूरच्या घरी, मी शाळेत जायची तेव्हा. इथे आल्यावर तिने ते कधी म्हटलं नव्हतं. अदीच्या वहीत ते असणं शक्यच नव्हतं. ते वडिलांनी तिला दिलं होतं. दुपारीमागून दुपार, एकेक वाक्य आठवून, घासूनपुसून.

मी शेजारच्या दाराने आत गेले. अदी जमिनीवर, मागच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसली होती. वही मांडीवर, मिटलेली. मान डावीकडे.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. "'अहो' कुणाला म्हणायचं ते आईने तुला सांगितलं होतं. तू लिहून घेतलं होतंस."

तिने डोळे उघडले. "फक्त काकांना."

"ते आईने म्हणायचं, तू नाही!"

भिंतीपलीकडे खाट करकरली आणि थांबली. वडील ऐकत होते.

"यापुढे या आवाजात बोलायचं नाही. त्यांच्याशी नाही, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही."

"मग कुठल्या आवाजात?" तिने इंग्रजीत विचारलं.

"तुझ्या."

"माझ्या आवाजात मला मराठी येत नाही, कुसुम."

मला वाटलं, ही टोलवाटोलवी करते आहे. तसं नव्हतं. शाळेची मुलाखत आठ दिवसांवर आली होती. मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसले, व्याकरणाचं पुस्तक घेऊन, क्रमाने. तिला सगळे शब्द येत होते. पण मान सरळ ठेवून बोलायला गेली की शब्द एकेकटे बाहेर पडायचे, भाजीच्या पिशवीतून बटाटे सांडावेत तसे. तीन शब्दांनंतर ती थांबायची. मान डावीकडे जायला लागायची, ती हाताने धरून सरळ करायची, आणि मग काहीच बोलायची नाही.

भिंतीच्या या बाजूला कप पुन्हा भरलेले राहायला लागले. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. दाढी मात्र वाढली.

पलीकडे भावाने बिऱ्हाड बांधायला घेतलं होतं. शनिवारी अजमेरची गाडी. भावजय दोऱ्या आवळता आवळता म्हणायची, "दीवार को भी साथ ले चलेगी क्या?" शाळेत जागा मिळाली तर भाऊ तिला मागे ठेवणार होता, नाहीतर नाही.

मुलाखत गुरुवारी होती. मी कॉलेज बुडवून तिच्याबरोबर गेले. कॅम्पाच्या टोकापासून अंबरनाथ चालत फार लांब नाही. वालधुनी नदीच्या कडेने आम्ही निघालो. वाटेत एक टांगेवाला ओळखीचा निघाला. "काय कंपाउंडरच्या ताई, किधर? बसा ना." अदीने त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मीच नको म्हटलं.

मुख्याध्यापिकाबाई जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, हातात ताडपत्राचा पंखा. मला त्यांनी दाराशी बाकावर बसायला सांगितलं. दार उघडंच होतं. इतिहास, भूगोल, गणित, सगळं त्यांनी इंग्रजीतून विचारलं आणि अदीने छान सांगितलं. मग बाई मराठीत म्हणाल्या, "आता आपल्या भाषेत. समजा, वर्गात एक मुलगी रडते आहे. का रडते ते सांगत नाही. काय कराल?"

अदी गप्प.

मला तिची पाठ दिसत होती. ताठ, आणि मान सरळ. हात गुडघ्यांवर आवळलेले.

"प्रश्न समजला ना?"

"हो. मी... मुलगी... मी तिला..." पुढे काही नाही. पंख्याचा सपसप आवाज येत होता. बाईंनी समोरच्या कागदावर पेन टेकवलं.

मी पाहत होते. सात-आठ दिवस मी जे करत होते ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आई एकदा गेली होती. तिचं जेवढं उरलं होतं तेवढं या मुलीच्या घशात होतं आणि मी ते दाबून धरलं होतं. आणि शनिवारी ते अजमेरला जाणार होतं, तिथे कुणाला लागणार नव्हतं.

मी बाकावरून उठले. "अदी," मी म्हटलं, "ऐक ना. ती सांगते आहे."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अदीने पाहिलं नाही. हळूहळू तिची मान डावीकडे कलली. खोलीत काही बदललं असेल तर पंखा थांबला, इतकंच. तिने घसा खाकरला.

"अगो, रडू दे की तिला आधी," आई म्हणाली. मी 'आई' लिहिते आहे, मला दुसरं लिहिता येत नाही. "रडणाऱ्या पोरीला का म्हणून विचारू नये हो. प्यायला पाणी द्यावं. पदर धरायचा असेल तर धरू द्यावा. आपण आपलं काम करत राहावं. तांदूळ निवडावेत, वह्या तपासाव्यात. पोरीचं मन भरलं की ती आपणच येऊन सांगते. आणि नाहीच सांगितलं तरी असू दे, असू दे."

बाई पुढे झुकल्या होत्या.

"तुम्ही कुठल्या हो?" त्यांनी अगदी वेगळ्या आवाजात विचारलं.

"बदलापूरकडची," उत्तर आलं.

मग अदीने डोळे उघडले, आणि घाईघाईने, अडखळत, स्वतःच्या आवाजात म्हणाली, "नाही. मी सिंधची. भाषा... भाषा बदलापूरची."

तिच्या आवाजात मी ऐकलेलं ते पहिलं सबंध मराठी. बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. शेवटी पंखा उचलून म्हणाल्या, "सोमवारपासून या."

परत येताना वाळक्या ओढ्यापाशी ती थांबली. "काकांनी मागितलं नव्हतं," ती इंग्रजीत म्हणाली. "मीच आधी बोलले. भिंतीपलीकडे फार शांत होतं. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं. आणि मला तेवढंच येत होतं."

घर दिसायला लागल्यावर मी म्हटलं, "दुपारी त्यांचा चहा गार होतो."

एवढंच. ती समजली.

भाऊ-भावजय गेले. ती त्याच खोलीत राहिली, तिच्या पलीकडच्या घरातली एक विधवा आजी सोबतीला झोपायला यायची. शाळा सकाळची होती. मी मात्र पुढची तीन वर्षं साडेतीनच्या आत कधी घरी पोचले नाही. गाडी लवकरची मिळाली तर स्टेशनवर बसून अभ्यास केला. त्या अर्ध्या तासात आमच्या घरात काय बोललं जायचं ते मला ठाऊक नाही. कप रिकामा असायचा.

शाळेतल्या मुली वर्षभरात असू दे, असू दे म्हणायला लागल्या. एकदा अंबरनाथच्या बाजारात मी भाजी घेत होते आणि पाठीमागून आईने हाक मारली, "अगो, पाणी आलं वाटतं, चल लवकर." मी गर्रकन वळले. बुवापाड्याची दहा-बारा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, धाकटीला ओढत निघालेली.

अदी बी.ए. झाली, पहिल्याच खेपेला. माझ्याहून दोन गुण जास्त. मग लांबच्या एका शहरात तिला मोठी नोकरी मिळाली आणि जायचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी तिने मला सांगितलं, "उद्या तीन वाजता घरी ये. या वेळी ये."

मी आले. वडील खाटेवर होते, धुतलेला सदरा घालून. मी दाराशी उभी राहिले. वरच्या अंधारातून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"अहो, ऐकलंत का?"

"हं."

"चहा घेतलात?"

"घेतला."

आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. आईला दवाखान्यात शुद्ध नव्हती, तिचं म्हणायचं राहून गेलं होतं.

"मग येते हं मी."

वडिलांनी कप खाली ठेवला. "ये," ते म्हणाले. मग उठले, कोट चढवला आणि माझ्याकडे न बघता दवाखान्यात गेले. त्यानंतर ते कधी भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत.

मला वाटलं, संपलं. मी पलीकडे जायला वळले तर भिंतीवरून अदीचा स्वतःचा आवाज आला, सरळ मानेचा, "कुसुम, येऊ नकोस. तिथेच थांब. आता माझं वाक्य."

मला एकदम काही कळेना. मग कळलं. भिंतीपलीकडून बोलायचं. 'वेहु' हळू. थकलेलं माणूस म्हणतं तसं. चार वर्षं ती मला सिंधी शिकवत नव्हती. वडिलांनी तिच्याकडून जे घोटून घेतलं, तेच ती माझ्याकडून घेत होती, आणि त्यांच्याही आधीपासून.

मी खाटेवर बसले. दुपार भरात होती. वर कौलांखाली तो अंधार. मी डोळे मिटले, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. मी कधी न पाहिलेल्या, बोटीची वाट बघत बसलेल्या बाईचा तो होता.

"अचु, धीअ. वेहु."

पलीकडे बांगडी वाजली. मग आलेला आवाज पाच-सहा वर्षांच्या पोरीचा होता. धावत आल्यासारखा, धाप लागलेला.

"आयसि, अमां."

आले गं, आई.

सकाळी तिच्या दाराला कुलूप होतं. पत्रं काही वर्षं आली, मराठीत. वाचताना कानात कुणाचं ऐकू यायचं ते सांगायला नको. मग तीही थांबली. महिन्याभरात त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. त्यांनी भिंत वरपर्यंत बांधून घेतली.

तर मुलांनो, सिंधी मी हिच्याकडून शिकले, किंवा हिच्या आईकडून. मला ती फारशी येत नाही. पण कुणी सिंधी म्हातारी भेटली आणि तिला बसा म्हणायची वेळ आली, की माझी मान आधी डावीकडे जाते. आणि ती म्हातारी, कोण कुठली असेना, बसायच्या आधी मागे वळून बघते.